बहार येण्यापूर्वी

(मुंबईतील वांद्रे येथे एका उर्दू शाळेच्या गच्चीवर विद्यार्थ्यांनी भाजीची बाग केली. पहिल्या वर्षी ती फसली. दुसऱ्या वर्षी बागेचे काम वसंत ऋतू येण्याच्या कितीतरी आधी सुरू करावे लागले. असे का, हे लेखिकेने या पाठात सांगितले आहे.)

वसंत ऋतूला उर्दूत आपण 'बहार' म्हणतो. बहार म्हटले की फुले, कोवळी पालवी आणि गार वारा आठवतो. आमच्या शाळेतील मुलांच्या मनातही हेच चित्र होते. त्यांच्या उर्दूच्या पुस्तकातली बहार बहुधा काश्मीरची किंवा इराणची असते. तिथे बर्फ वितळतो, जमीन मोकळी होते आणि मग लोक बी पेरतात. वांद्र्यात बर्फ नाही. इथे वसंत येतो तोच ऊन घेऊन. म्हणून बहार आल्यावर बी पेरायला निघालेला माणूस मुंबईत उशिरा पोचतो. हे मला पुस्तक वाचून समजले नाही. आमचे पंचवीस डबे वाळले, तेव्हा समजले.

ही गोष्ट २०२३ सालची. आमची शाळा वांद्रे स्थानकापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. आवारात एक झाड लावण्याइतकीही मोकळी जागा नाही; पण वर प्रशस्त गच्ची आहे. आठवीच्या वर्गाला मी 'आपण गच्चीवर भाजी लावू' असे म्हटले, तेव्हा मुलांना आनंद झाला. रंगाचे रिकामे डबे आले, तेलाचे डबे आले, मासळी बाजारातून थर्माकोलच्या पेट्या आल्या. परंतु परीक्षा तोंडावर होती. परीक्षा संपली, ईद झाली आणि एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही बी पेरले. चार दिवसांत भेंडी उगवून वर आली. मुलांनी टाळ्या वाजवल्या. त्यानंतर उन्हाळ्याची सुटी लागली.

सुटीत पाणी घालण्याचे काम शिपाईचाचांनी अंगावर घेतले होते. पण घरचे काम निघाल्यामुळे त्यांना गावी जावे लागले. त्या वर्षी मुंबईत पाऊसही २५ जूनला आला. जूनच्या मध्यास शाळा उघडली, तेव्हा मी मुलांबरोबर गच्चीवर गेले. डब्यांतली माती विटेसारखी घट्ट झाली होती. रोपांच्या जागी काड्या उरल्या होत्या. एक मुलगी हळूच म्हणाली, "टीचर, चाचांची चूक नाही. आपणच उशीर केला." तिचे बोलणे मला लागले, कारण ते खरे होते. तारीख मी ठरवली होती.

त्याच आठवड्यात स्थानकाबाहेर भाजी विकणाऱ्या एका मावशींना मी ही हकीकत सांगितली. त्या वसईहून पहाटेच्या गाडीने भाजी घेऊन येतात. त्यांनी विचारले, "माती कधी केलीत?" मी म्हटले, "माती विकत आणली." त्या हसल्या आणि म्हणाल्या, "बाई, बी लावायच्या आधी माती लावायची असते. दिवाळीत सुरू करा, म्हणजे होळीला खाल."

वांद्र्यात शेती, हे आज ऐकायला विचित्र वाटते. पण हे गाव मुळात शेतकऱ्यांचे आणि कोळ्यांचे. 'वांद्रे' हे नाव 'बंदर' या शब्दावरून आले असे सांगतात, आणि 'बंदर' हा शब्द तर आपल्या उर्दूतही आहे. रानवर, पाली, चुईम, शेर्ली, राजन, चिंबई ही आज वांद्र्यातल्या गल्ल्यांची आणि वस्त्यांची नावे वाटतात. एके काळी ती वेगवेगळी छोटी गावे होती. तिथले ईस्ट इंडियन ख्रिस्ती लोक भातशेती करीत, घराजवळ भाजीपाला लावीत. शेते गेली, इमारती उभ्या राहिल्या. पण माती, ऊन आणि पाऊस यांचे वेळापत्रक बदलले नाही. गच्चीवरच्या डब्यालाही तेच लागू होते.

हे वेळापत्रक समजून घेण्यासाठी मी मुलांना दोन शब्द दिले : खरीप आणि रब्बी. मराठी शेतकऱ्याच्या तोंडी हे शब्द रोजचे आहेत. पण ते अरबी भाषेतून आले आहेत. 'खरीफ' म्हणजे पानगळीचा काळ, ज्याला उर्दूत खिजां म्हणतात. 'रबी' म्हणजे बहार. रबी-उल-अव्वल या महिन्याच्या नावात हाच शब्द आहे. मग मी विचारले, "गहू आणि हरभरा ही रब्बीची पिके. ती पेरतात केव्हा?" मुलांनी उत्तर दिले, "बहारमध्ये!" मी सांगितले, "नाही. पेरतात ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये. काढतात फेब्रुवारी-मार्चमध्ये." पिकाला नाव मिळाले ते काढणीच्या ऋतूचे. पेरणी कितीतरी आधी, थंडीच्या तोंडाशी झालेली असते. वर्गात क्षणभर शांतता पसरली. मग मागच्या बाकावरून आवाज आला, "म्हणजे टीचर, आपण नाव वाचून पेरले!"

'बहार' हा शब्दही मराठी शेतीत आहे, हे मुलांना ठाऊक नव्हते. डाळिंबाचे बागायतदार आंबे बहार, मृग बहार आणि हस्त बहार असे तीन बहार मानतात. झाडाला फुले येण्याच्या हंगामाला ते बहार म्हणतात. आंबे बहार जानेवारी-फेब्रुवारीत धरतात, म्हणजे आंब्याला मोहोर येतो त्या काळात. बाग, बागायत, जमीन, हंगाम हे शब्दही फारसी-अरबीतून मराठीत आले आणि इथेच राहिले. मराठीच्या तासाला भाजीची बाग कशाला, असे कोणी विचारले तर मी हे शब्द पुढे करते.

खरीप आणि रब्बी यांच्याशिवाय भाजीपाल्याचा तिसरा हंगाम असतो. त्याला उन्हाळी हंगाम म्हणतात. भेंडी, गवार, चवळी, काकडी, दुधी, कारले या उन्हाळी भाज्या. त्या जानेवारी-फेब्रुवारीत पेरतात. मराठी पंचांगाप्रमाणे तेव्हा शिशिर ऋतू असतो; वसंत येतो चैत्र-वैशाखात.

आता आम्ही उलटी मोजणी केली. ३० एप्रिलला शाळा बंद होणार. पहिली भेंडी तोडायला पेरणीपासून सुमारे ५० ते ६० दिवस लागतात आणि पुढे महिना-दीड महिना तोडणी चालते. म्हणजे साधारण १०० दिवस हवेत. मुलांनी दिनदर्शिकेवर बोट ठेवून मागे मोजले. उत्तर आले २१ जानेवारी २०२४. त्या दिवशी रविवार होता, म्हणून आम्ही शनिवार, २० जानेवारी ही तारीख ठरवली. माती तयार व्हायला दोन महिने धरले. मग काम नोव्हेंबरच्या अखेरीस सुरू व्हायला हवे. मावशींची दिवाळी बरोबर निघाली.

दिवाळीची सुटी संपताच आम्ही माती करायला घेतली. इथे वांद्र्यातल्याच एका माणसाचा प्रयोग उपयोगी पडला. डॉ. आर. टी. दोशी हे अर्थशास्त्राचे अभ्यासक. त्यांनी वांद्र्यातील आपल्या गच्चीवर पिशव्यांत आणि पिंपांत भाज्या व फळे पिकवली होती. त्यांची पद्धत स्वस्त होती. पिशवीच्या तळाला उसाची चिपाडे भरायची, त्यावर खत आणि सर्वांत वर थोडी माती. चिपाडे हलकी असतात, पाणी धरून ठेवतात आणि हळूहळू कुजून स्वतःच खत होतात. गच्चीवरील बागेला वजन हलके असणे फार महत्त्वाचे असते. ओल्या मातीचे शंभर डबे एका जागी ठेवले तर स्लॅबवर भार येतो. आम्ही डबे भिंतीलगत, विटांवर ठेवले. त्यामुळे खालून वाराही खेळला आणि पाणी साचले नाही.

चिपाडे रसवंतीवाल्याने फुकट दिली. उलट तो म्हणाला, "रोज न्या." पण ताज्या चिपाडांत साखर असते. पहिल्याच दिवशी गच्चीवर मुंग्यांची रांग लागली. मग ती धुऊन, वाळवून वापरावी लागली. जमवलेला पाला, घरून आणलेली भाजीची साले आणि थोडी जुनी माती यांचे थर आम्ही एका मोठ्या पिंपात घातले. आठवड्यातून एकदा ते हलवायचे आणि पाणी शिंपडायचे. पहिल्या पंधरा दिवसांत त्याला वास आला आणि खालच्या मजल्यावरून तक्रारही आली. ओले जास्त आणि सुके कमी झाले होते. सुका पाला वाढवल्यावर वास गेला. जानेवारीत पिंप उघडले, तेव्हा आत काळपट, भुसभुशीत खत होते. त्याला पहिल्या पावसासारखा वास येत होता. सगळे कुजलेले नव्हते. काही पाने ओळखू येत होती. तरी ते चालले.

मुंबईत असा प्रयोग मोठ्या प्रमाणावरही झाला आहे. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या मध्यवर्ती उपाहारगृहाच्या गच्चीवर प्रीती पाटील यांनी २००२ साली स्वयंपाकघरातील ओल्या कचऱ्यापासून बाग उभी केली. त्यामागे श्रीपाद अच्युत दाभोळकर यांचे विचार होते. दाभोळकर गणिताचे प्राध्यापक. शेतकऱ्यांनी स्वतः प्रयोग करून शिकावे यासाठी त्यांनी 'प्रयोग परिवार' चालवला. आमची आठवीची उलटी मोजणी त्यांनी पाहिली असती, तर त्यांना ती आवडली असती असे मला वाटते.

डबे कुठे ठेवायचे, हेही आधी ठरवावे लागते. गच्चीच्या दक्षिणेला आमच्याहून उंच इमारत आहे. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, त्यामुळे तिची सावली आमच्या निम्म्या गच्चीवर पडते. आम्ही एक मीटर लांबीची काठी उभी केली आणि भर दुपारी तिची सावली मोजली. मुंबईत सूर्य सर्वांत उंच येतो तो घड्याळातल्या बारा वाजता नव्हे, साडेबारानंतर. डिसेंबरच्या अखेरीस काठीची सावली सुमारे ९० सेंटिमीटर भरली. पुढे ती आखडत जाते आणि १५ मेच्या सुमारास दिसेनाशी होते, कारण त्या दिवशी सूर्य मुंबईच्या थेट डोक्यावर येतो. मुलांनी दर शनिवारी इमारतीच्या सावलीची कड खडूने आखली. जिथे जानेवारीतही ऊन होते तिथे भेंडी आणि वेल ठेवले. सावलीच्या पट्ट्यात मेथी आणि कोथिंबीर.

नावांची गंमत पेरणीच्या दिवशी झाली. मी मराठीत भाजीचे नाव सांगायचे आणि मुलांनी बी उचलायचे, असे ठरले होते. 'भेंडी' म्हणताच सगळे हात पुढे आले, कारण ती उर्दूतही भेंडीच. 'कारले' म्हणजे करेला, हेही सोपे. 'दुधी' म्हटल्यावर मात्र दोघे-तिघे थांबले. घरी ते तिला लौकी म्हणतात. 'माठ' ऐकून एकाने पाण्याच्या मडक्याकडे पाहिले. खरे तर त्याचे चुकले नाही. मराठीत 'माठ' या शब्दाचे दोन्ही अर्थ आहेत : थंड पाण्याचा माठ आणि चौलाईची पालेभाजी.

भेंडीचे बी रात्रभर पाण्यात भिजवले होते, कारण जानेवारीच्या गारव्यात ते उशिरा उगवते. धणे तसेच पेरले नाहीत. चपलेखाली हलके रगडून प्रत्येकाचे दोन भाग केले. बी त्याच्या जाडीच्या दुप्पट-तिप्पट खोल पुरायचे, फार खोल नाही. एप्रिलमध्ये चार दिवसांत उगवलेल्या भेंडीने या वेळी नऊ दिवस घेतले. मुले रोज विचारीत, "टीचर, बी मेले का?" मलाही शंका येऊ लागली होती, हे मी त्यांना सांगितले नाही.

उगवल्यावर कबुतरे आली. वांद्र्याच्या गच्च्यांवर कबुतरांची कमतरता नाही. एका सकाळी मेथीची अर्धी पेटी साफ झाली. मुलांनी घरून फाटक्या मच्छरदाण्या आणल्या आणि पेट्यांवर ताणून बांधल्या. मेथी पुन्हा पेरली. मुंबईच्या किनाऱ्यालगतच्या वाळूत लोक समुद्रमेथी पिकवतात. पांढऱ्या मुळांसकट तिच्या लहान लहान जुड्या बाजारात येतात. ती दोन आठवड्यांतच उपटतात. आम्हीही एका पेटीत वाळू मिसळून तसे करून पाहिले आणि फेब्रुवारीत पहिली जुडी मिळाली. मेथी आणि कोथिंबीर यांना थंडी मानवते. ऊन वाढले की त्यांना पानांऐवजी फुले येतात. उशीर केला असता तर त्या हाती लागल्याच नसत्या.

उन्हाची खरी परीक्षा मार्चमध्ये सुरू होते. मुंबईत सर्वांत जास्त ऊन मे महिन्यात असते असे आपण समजतो. पण सांताक्रूझ येथील वेधशाळेतील नोंदी वेगळे सांगतात. तिथे ४२.२ अंश सेल्सिअस हे विक्रमी तापमान १४ एप्रिल १९५२ रोजी नोंदले गेले आणि २८ मार्च १९५६ रोजी पारा ४१.७ अंशांवर गेला होता. सांताक्रूझ तर आमच्यापासून दोनच स्थानके दूर. या दिवसांत सकाळी पूर्वेकडून, जमिनीवरून, गरम व कोरडे वारे येतात. दुपारी समुद्रावरचे वारे सुरू झाले की हवा सौम्य होते. ज्या दिवशी ते उशिरा येतात, त्या दिवशी गच्ची तव्यासारखी तापते. दोन पानांचे रोप अशा दिवशी टिकत नाही. दोन महिन्यांचे रोप टिकते, कारण त्याची मुळे डब्याच्या तळापर्यंत गेलेली असतात. लवकर पेरण्याचे मुख्य कारण हे आहे. मातीवर आम्ही सुक्या पाल्याचे आणि चिपाडांचे आच्छादन घातले. पाणी सकाळी लवकर द्यायचे. भर दुपारी कधीच नाही.

त्या वर्षी १२ मार्चला रमजान सुरू झाला आणि त्याच आठवड्यात पहिल्या अकरा भेंड्या तोडल्या. रोजा असलेली मुलेही पाण्याच्या बादल्या वर नेत. मी त्यांना अर्ध्याच भरायला सांगत असे; ती ऐकत नसत. काही झाडांची पाने पिवळी पडली. हा रोग पांढरी माशी पसरवते. शेतकरी त्याला केवडा किंवा हळद्या म्हणतात. अशी तीन झाडे उपटावी लागली. पुढच्या वर्षासाठी 'परभणी क्रांती' या वाणाचे बी आणायचे असे आम्ही वहीत लिहिले. परभणीच्या कृषी विद्यापीठाने काढलेल्या या वाणात त्या रोगाला तोंड देण्याची शक्ती आहे.

दुधीने मात्र आम्हांला बुचकळ्यात टाकले. वेल कठड्यावर पसरला, पांढरी फुले आली, पण फळ धरेना. लहान दुधी बोटाएवढी होऊन गळून पडत. शेवटी कारण कळले. दुधीला नर फुले आणि मादी फुले वेगळी येतात. मादी फुलाच्या मागे इवलीशी दुधी आधीच असते. नर फुलातील पराग तिच्यापर्यंत पोचला तरच ती वाढते. आणि दुधीची फुले उमलतात संध्याकाळी. आम्ही पाहायला जात होतो दिवसा, फुले मिटलेली असताना! उंच गच्चीवर परागीभवन करणारे कीटकही फार येत नसावेत. शेजारच्या गल्लीत राहणाऱ्या एका मुलाने ते काम मागून घेतले. रोज इफ्तारपूर्वी तो शिपाईचाचांना घेऊन वर जाई, नर फूल तोडून मादी फुलावर अलगद टेकवी आणि अजान होण्याआधी घरी परते. सात दिवसांत त्याने पाच फुलांना पराग लावला. त्यांपैकी दोन फळे धरली.

ईदच्या दोन दिवस आधी एक दुधी काढली. ती सव्वा किलो भरली. ती कोणी न्यायची यावर बरीच चर्चा झाली. अखेर ती चाचांना द्यायची असे वर्गाने ठरवले. मागच्या वर्षीची गोष्ट कोणी काढली नाही. चाचाही काही बोलले नाहीत. त्यांनी ती कापडी पिशवीत घातली आणि नेहमीप्रमाणे घंटा द्यायला खाली गेले.

दुसरी दुधी आम्ही वेलावरच ठेवली. एप्रिलच्या अखेरीस तिचे साल कडक झाले. शाळा बंद होण्याच्या दिवशी डबे रिकामे करून माती पिंपात भरली, वर पाला घातला आणि झाकण लावले. दुधी फोडून बी काढले, धुतले, सावलीत वाळवले. भेंडीच्या सुकलेल्या शेंगांतले बी वेगळ्या पाकिटात गेले. पाकिटावर काय लिहायचे, असे एका मुलीने विचारले. गेल्या वर्षी 'आपणच उशीर केला' म्हणणारी तीच ही मुलगी. मी म्हटले, "तूच ठरव." तिने भाजीचे नाव मराठीत लिहिले, खाली उर्दूत लिहिले आणि त्याखाली तारीख घातली : २० जानेवारी. मग थोडा विचार करून तिने कंसात लिहिले, 'माती : दिवाळीनंतर लगेच.'

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) पहिल्या वर्षी मुलांनी बी केव्हा पेरले?
(आ) 'वांद्रे' हे नाव कोणत्या शब्दावरून आले असे सांगतात?
(इ) दुधीची फुले केव्हा उमलतात?

२. कारणे लिहा.
(अ) मुलांनी चिपाडे धुऊन वाळवली.
(आ) मेथी सावलीच्या पट्ट्यात ठेवली.
(इ) वर्गाने पहिली दुधी शिपाईचाचांना दिली.

३. 'माठ' या शब्दाचे दोन अर्थ दाखवणारी दोन वाक्ये तयार करा.

४. खालील वाक्प्रचार स्वतःच्या वाक्यांत वापरा : बुचकळ्यात टाकणे, अंगावर घेणे, तोंड देणे.

५. तुमच्या घराच्या खिडकीत किंवा गच्चीवर जानेवारीत किती तास ऊन येते ते आठवडाभर पाहा आणि त्याची नोंद मराठीत लिहा.